अँटीबॉडी दिसल्या नाहीत, म्हणून काय झाले?

मे २०२१ मध्ये लखनऊ शहरातल्या एका गृहस्थांनी पोलिस ठाण्यात तक्रार अर्ज दिला. चोरीचा नव्हे, मारामारीचाही नव्हे. त्यांनी करोनाच्या लसीचा पहिला डोस घेतला होता. काही आठवड्यांनी रक्त तपासून घेतले, तर अँटीबॉडी नाहीत असा रिपोर्ट आला. आपली फसवणूक झाली, असे त्यांचे म्हणणे. ही बातमी वाचून पुष्कळांना हसू आले. मला आले नाही. कारण त्याच सुमारास आमच्या कुंभार पिंपळगावातही असाच एक कागद हातोहात फिरत होता.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले आमचे हे बाजाराचे गाव. त्या वेळचे राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे तेव्हा आमच्याच मतदारसंघाचे आमदार होते. २ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रातल्या पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना या चार जिल्ह्यांत लसीकरणाची रंगीत तालीम झाली, त्यातही आमचा जिल्हा. त्यामुळे लसीची चर्चा आमच्या चहाच्या टपऱ्यांवर जरा जास्तच रंगायची. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला आणि महिनाभराने शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत रक्त दिले. रिपोर्ट निगेटिव्ह. गुरुजींचा शब्द गावात चालतो. ते मला म्हणाले, "अहो कविराज, औषध टोचलं की नुसतं पाणी?" पुढच्या आठ दिवसांत आमच्या गल्लीतल्या तीन-चार घरांनी दुसऱ्या डोसाचा विचार सोडून दिला. एका खालांनी तर आशाताईंना दारातूनच परत पाठवले. "गुरुजींना लागू पडली नाही, मला काय पडणार?"

मी डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे, आणि इथला निम्मा घोटाळा एका शब्दाचा आहे असे मला वाटले. 'अँटीबॉडी' आणि 'प्रतिकारशक्ती' हे दोन शब्द आपण त्या दोन वर्षांत एकाच अर्थाने वापरू लागलो. ते तसे नाहीत. ओळखीच्या डॉक्टरांना विचारत, मिळेल ते वाचत मला जे समजले ते आज सांगतो.

अँटीबॉडीला मराठीत प्रतिपिंड म्हणतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'बी' नावाच्या पेशी ही प्रथिने तयार करतात. ती रक्तात तरंगत असतात, नाकाघशाच्या ओल्या अस्तरावरही असतात. विषाणू आला की त्याला चिकटतात आणि त्याला आपल्या पेशीत शिरू देत नाहीत. काम मोठे आहे, यात वाद नाही. पण हे काम चालते ते पेशीच्या बाहेर. विषाणूचा स्वभाव असा, की बाहेर तो नुसता पडून असतो. पेशीच्या आत शिरला की तिच्याच सामानावर स्वतःच्या हजारो नकला काढतो. एकदा तो आत गेला की बाहेरच्या प्रतिपिंडाला तो दिसतही नाही. गस्तीवरचा माणूस रस्त्यावरच्या चोराला धरील. घरात शिरून आतून कडी लावलेल्या चोराला कसा धरणार?

त्यासाठी शरीराकडे दुसरी फौज आहे. तिला 'टी' पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, तिथे या पेशींची शिकवणी होते म्हणून 'टी'. या पेशींच्या जोरावर जी प्रतिकारशक्ती उभी राहते ती पेशीजन्य प्रतिकारशक्ती.

ही फौज आतला चोर ओळखते कशी, ही गोष्ट मला फार आवडली. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या अंगावर बाहेर मांडून ठेवते. आत सगळे ठीक असेल तर तुकडे घरचेच असतात. आत विषाणू असेल तर त्याचे तुकडेही त्यात येतात. टी पेशी फिरत फिरत एकेका पेशीला चाचपते. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे, म्हणून तिथलीच उपमा देतो. बाजारात माठ घेताना आपण आत वाकून तडा शोधत बसत नाही. बोटाने वाजवून बघतो. आवाज बद आला की तो माठ बाजूला. टी पेशीही पेशी फोडून आत बघत नाही, बाहेरूनच पारखते, आणि बिघडलेली सापडली की ती पेशी विषाणूसकट नष्ट करते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून हे पारखणे उलगडले. त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

ही फौज आपल्याला अगदी अनोळखी आहे असेही नाही. क्षयाच्या तपासणीसाठी हातावर बारीक सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी डॉक्टर तिथली गाठ पट्टीने मोजतात, ती मांटू चाचणी खेड्यापाड्यात माहीत आहे. ती गाठ प्रतिपिंडांची नव्हे. जुनी ओळख लक्षात ठेवलेल्या टी पेशी तिथे गोळा होतात, त्यांची. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मेरिल चेस या शास्त्रज्ञाने गिनिपिगांवर हे दाखवून दिले. क्षयाच्या जंतूची ओळख झालेल्या प्राण्याच्या रक्तातली निवळ, म्हणजे सीरम, दुसऱ्याला टोचली, तर ही गाठ येण्याचा गुण त्याच्यात उतरला नाही. पेशी टोचल्या तेव्हा उतरला. प्रतिपिंडे असतात त्या निवळीत. म्हणजे निवळीत जे नव्हते ते पेशींत होते. आपल्या अँटीबॉडी रिपोर्टात तपासली जाते ती निवळच.

आता विषाणूकडे येऊ. प्रतिपिंडे मुळीच नसलेला माणूस विषाणूच्या आजारातून उठू शकतो का? याचे उत्तर करोनाच्या कितीतरी आधी मिळाले होते. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या मुलाला न्यूमोनियाच्या जंतूंचा त्रास पुन्हा पुन्हा व्हायचा. रक्त तपासले तर प्रतिपिंडे ज्या प्रथिनांत मोडतात ती प्रथिनेच त्यात नव्हती. पुढे अशी आणखी मुले सापडत गेली, कारण हा जन्मजात दोष आहे. जीवाणूंपुढे ही मुले हतबल असत. पण गोवर आला तर इतर मुलांसारखाच यायचा आणि इतरांसारखाच बराही व्हायचा. गोवर हा विषाणूचा आजार. याउलट ज्या मुलांच्या टी पेशींतच दोष होता, त्यांच्या जिवावर गोवर बेतायचा, आणि कित्येकदा त्यांच्या अंगावर पुरळही उठत नसे.

हे वाचताना मला आमच्या घरातल्या जुन्या बायकांचे बोलणे आठवले. गोवर "अंगावर निघाला पाहिजे", आत राहिला तर वाईट, असे त्या म्हणत. कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अगदीच पोकळ नव्हते. गोवराचे पुरळ हे टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींवर तुटून पडल्याचे चिन्ह आहे. (म्हणून पोराला लस न देता पुरळाची वाट बघत बसायचे नाही. गोवर आजही पोरांचे जीव घेतो.)

करोनातही हेच पुन्हा दिसले. २०२० मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरातून अशा जन्मजात प्रतिपिंडहीन दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. दोघांना करोनाचा न्यूमोनिया झाला आणि दोघेही व्हेंटिलेटरशिवाय बरे झाले. पुढे याच दोषाच्या काही रुग्णांत आजार फार लांबलेलाही आढळला, तेव्हा प्रतिपिंडे नसली तरी काही बिघडत नाही, असा अर्थ मात्र काढू नये. त्याच वर्षी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेने सुमारे दोनशे लोकांचे रक्त तपासले. त्यांत रुग्ण होते आणि रुग्णांच्या घरातली लक्षणे नसलेली माणसेही होती. या घरच्या माणसांपैकी अनेकांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती, पण करोनाच्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी होत्या. २०२१ मध्ये लंडनमधल्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांतल्या काही जणांची स्वॅबची तपासणी कधीच पॉझिटिव्ह आली नव्हती, प्रतिपिंडेही कधी दिसली नव्हती, तरी विषाणू ओळखणाऱ्या टी पेशी त्यांच्यात वाढलेल्या होत्या. विषाणू अंगात शिरला, पाय रोवण्याआधीच त्याला आवरले गेले, असा अंदाज संशोधकांनी मांडला. आणि सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्स साथीतून उठलेल्या लोकांना १७ वर्षांनी तपासले, तर त्या विषाणूची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी अजून होत्या.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि नीती आयोग यांनी शहरातल्या तीन वॉर्डांत रक्त तपासण्याचा मोठा कार्यक्रम घेतला. सुमारे सात हजार नमुने. झोपडपट्टीत शेकडा ५७ लोकांत प्रतिपिंडे निघाली, इमारतींत शेकडा १६ लोकांत. आकडा ऐकून सगळे चकित झाले. ऑगस्टमध्ये त्याच वॉर्डांत दुसरी फेरी झाली, तेव्हा झोपडपट्टीतला आकडा सुमारे ४५ वर आला. आता बघा, साथ तर चालूच होती. ज्यांना लागण होऊन गेली ती होऊनच गेली. ती काही परत घेता येत नाही. मग आकडा उतरला कसा? दोन्ही वेळा माणसे वेगळी होती, हे एक कारण असू शकते. दुसरे असे, की सौम्य आजारानंतरची प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात आणि तपासणीच्या रेषेखाली जातात. ज्या पेशी लागण झाल्या झाल्या भराभर प्रतिपिंडे बनवतात त्यांतल्या बऱ्याच अल्पायुषी असतात. त्या जातात, मागे थोड्या दीर्घायुषी पेशी आणि स्मृतिपेशी उरतात. स्मृतिपेशी गप्प बसून असतात. पुन्हा विषाणू आला तर कामाला लागतात. पण गप्प बसलेली पेशी निवळीच्या तपासणीत उमटत नाही.

मग डॉक्टर टी पेशीच का तपासत नाहीत, असा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर साधे आहे. प्रतिपिंड हे प्रथिन आहे. निवळ बाटलीत भरा, बर्फात ठेवा, जालन्याहून पुण्याला पाठवा, ते टिकते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० च्या मे महिन्यात 'कोविड कवच' ही प्रतिपिंडांची देशी तपासणी तयार केली, ती म्हणूनच जिल्ह्याजिल्ह्यांत वापरता आली. टी पेशी मात्र जिवंतच तपासाव्या लागतात. ताज्या रक्तातून त्या वेगळ्या करायच्या, विषाणूचे तुकडे त्यांच्यासमोर ठेवायचे, एक-दोन दिवस त्यांना उबेत सांभाळायचे आणि त्या खवळून उठतात का ते बघायचे. त्याला माणसे लागतात, यंत्रे लागतात, पैसा लागतो. मुल्ला नसरुद्दीनची किल्ली घरात हरवली आणि तो ती रस्त्यावरच्या दिव्याखाली शोधत होता, कारण उजेड तिथे होता. ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली. आपण प्रतिपिंडे मोजली ती काहीशी याच कारणाने. फरक इतकाच, की मुल्लाच्या दिव्याखाली काहीच नव्हते, आणि प्रतिपिंडांच्या उजेडात निम्मी हकिगत तरी खरोखर दिसते.

आता गुरुजींच्या कागदाविषयी. एका डॉक्टर मित्राने तो बघितला आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. ती तपासणी विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी होती. कोविशील्ड लस शरीराला विषाणूचे फक्त काटेरी प्रथिन, ज्याला स्पाइक म्हणतात, ते दाखवते. जे दाखवलेच नाही त्याविरुद्ध प्रतिपिंडे कुठून येणार? म्हणजे ज्याला लागण झालेली नाही आणि ज्याने फक्त कोविशील्ड घेतली आहे, त्याचा हा रिपोर्ट निगेटिव्हच यायला हवा. कोवॅक्सिनचे तसे नाही. ती निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूची लस, तिच्यात दोन्ही प्रथिने असतात. लस घेतलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय त्याच्याकडून पैसे घेऊन हा कागद हातात देणे मला तरी बरे वाटले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच, लसीनंतर आपण सुरक्षित आहोत का हे ठरवण्यासाठी अँटीबॉडी तपासणी वापरू नका, असे जाहीर केले होते.

समजा, तपासणी योग्य असती, स्पाइकचीच असती, आणि तरीही निगेटिव्ह आली असती, तर? तरीही लस वाया गेली असे म्हणता येत नाही. मज्जासंस्थेच्या एका आजारात काही रुग्णांना बी पेशी काढून टाकणारे औषध देतात. अशा रुग्णांना करोनाची लस दिल्यावर काय होते, हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये बघितले. कित्येकांत प्रतिपिंडे नाममात्र होती किंवा नव्हतीच, टी पेशी मात्र चांगल्या तयार झाल्या होत्या. कोवॅक्सिनबद्दल २०२२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या अवतारांपुढे प्रतिपिंडे कमी पडली तरी टी पेशींची ओळख बरीचशी टिकून होती, असे त्यात दिसले. ओमायक्रॉनच्या लाटेत लस घेतलेली माणसेही आजारी पडली, पण बहुतेक घरच्या घरी बरी झाली, त्यात या टी पेशींचा वाटा मोठा मानतात.

गुरुजींनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि "मग आधीच का नाही सांगत कुणी?" असे म्हणाले. प्रश्न रास्त होता. दुसरा डोस त्यांनी घेतला. १३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारनेच कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर १२ ते १६ आठवडे केले होते, त्यामुळे गल्लीतल्या लोकांनी लावलेला उशीर सरकारी मुदतीत बसून गेला. खालांना आशाताईंनी पुन्हा गाठले. "खाला, गुरुजींनी घेतली, आता तरी चला." त्या बुरखा सावरत निघाल्या, वाटेत मला बघून म्हणाल्या, "तुमच्या त्या टी पेशी चहा पितात का?"

पण या गोष्टीचा उलटा अर्थ काढणारेही भेटले. एकजण मला म्हणाला, "माझ्या टी पेशी तयार असतील, मला लस नको." असतील, हे कुणी बघितले? टी पेशी किती असल्या म्हणजे माणूस सुरक्षित, याचा आकडा अजून ठरलेला नाही. शिवाय टी पेशी दार अडवत नाहीत. विषाणू पेशीत शिरल्यावर त्यांचे काम सुरू होते. त्या आजार आवरतात. लागण मुळातच रोखायची तर प्रतिपिंडेच लागतात. लागण झालेला माणूस इतरांनाही देतो, हेही त्यात आले.

काही आजारांत तर प्रतिपिंडांवाचून भागतच नाही. पिसाळलेला कुत्रा चावला तर रेबीजचा विषाणू नसांवाटे मेंदूकडे निघतो. तिथे पोहोचण्याआधी त्याला अडवायचे असते. म्हणून जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. लसीला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला दिवस लागतात, म्हणून जखम खोल असेल तर डॉक्टर तयार प्रतिपिंडे जखमेतच टोचतात. पोलिओचेही असेच. वर सांगितलेल्या जन्मजात दोषाच्या मुलांना गोवर सोसला तरी पोलिओच्या जातीचे विषाणू फार जड जात. हिपॅटायटिस बी मध्ये आणखी तिसरीच तऱ्हा. दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सला लसीचे डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजायला सांगतात, आणि आकडा दहाच्या वर गेला पाहिजे असा नियम आहे. एकदा तो गेला की पुढे काही वर्षांनी खाली आला तरी निरोगी माणसाचे संरक्षण टिकते, कारण स्मृतिपेशी जागच्या जागी असतात. तोच आकडा आधी महत्त्वाचा, नंतर तितका नाही.

आणि ज्यांच्या बाबतीत निगेटिव्ह रिपोर्ट खरोखर मनावर घ्यायचा, अशीही माणसे आहेत. माझ्या भाच्याचे मूत्रपिंड बदललेले आहे. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या बी पेशींना दाबतात तशाच टी पेशींनाही दाबतात. नाकारण्याचे काम मुख्यतः टी पेशीच करतात, म्हणून त्यांना दाबणे भागच असते. दोन डोसांनंतर त्याच्या रक्तात प्रतिपिंडे निघाली नाहीत तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी "टी पेशी असतील" असे म्हणून त्याला घरी पाठवले नाही. घरातल्या सगळ्यांचे डोस पूर्ण करून घ्यायला सांगितले, गर्दीत मास्क ठेवायला सांगितले, आणि १० एप्रिल २०२२ पासून अठरा वर्षांवरच्यांना खासगी केंद्रांत तिसरा डोस खुला झाल्यावर तो घ्यायला लावला. गोळ्यांची मात्रा स्वतःहून कमी करायची नाही, हेही बजावले. अवयव बदललेल्यांनी, कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांनी, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने घेणाऱ्यांनी कोणतीही लस घेण्याआधी आपल्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. त्यांतल्या काही औषधांच्या बाबतीत लस कोणत्या आठवड्यात घेतली यावरही बरेच अवलंबून असते.